एकांची माळ: डोंबिवली स्टेशनपासून १०३१ अंकी मूळ संख्येपर्यंत

मे महिन्यात पेणला घरी होते, तेव्हा पेट परीक्षेची तयारी करणारी चार-पाच मुलं-मुली संध्याकाळी गप्पा मारायला यायची. त्यातली दोघं रोह्याची. एक दिवस त्यातल्या एकीने विचारलं, "ताई, मी प्रोग्रॅम लिहून दहा लाखांपर्यंत तपासलं. एकदाही चुकलं नाही. मग आता सिद्ध करायचं असं काय उरलं?"

प्रश्न अगदी प्रामाणिक होता आणि मला तो ओळखीचाही होता. माझ्या पहिल्या प्रगती अहवालात मी एका निरीक्षणाखाली ठोकून दिलं होतं, "यावरून सिद्ध होते की…". मार्गदर्शकांनी 'सिद्ध' या शब्दाभोवती लाल गोल केला आणि बाजूला दोनच शब्द लिहिले: "कोणी केलं?" त्या वेळी राग आला होता. आज वाटतं, संशोधनाच्या पहिल्या वर्षात याहून उपयोगी शेरा मिळणं अवघड.

त्या मुलीला मी एका संख्येची गोष्ट सांगितली. तीच इथे थोडी विस्ताराने लिहिते. या गोष्टीत 'दिसलं', 'बहुतेक खरं आहे' आणि 'सिद्ध झालं' या तीन पायऱ्या तारखांसकट वेगवेगळ्या दिसतात. आणि तिची सुरुवात आपल्या गाडीच्या वाटेवरच होते.

डेमलो नावाचं स्टेशन

रोहा-दिवा गाडीने कोणी कल्याणकडे जात असेल, तर दिव्याला उतरून लोकल बदलतो. दिव्यानंतर कोपर, मग डोंबिवली. या डोंबिवलीचं नाव गणिताच्या पुस्तकांत 'डेमलो' असं नोंदलं गेलंय. पूर्वीच्या जी.आय.पी. रेल्वेवरचं, मुंबईपासून ३० मैलांवरचं हे स्टेशन. एका विशिष्ट प्रकारच्या संख्यांचा अभ्यास करावा ही कल्पना दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना इथे सुचली, म्हणून त्यांनी त्या संख्यांना 'डेमलो संख्या' असं नाव देऊन टाकलं.

कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्यात फर्ग्युसनला. १९२७ मध्ये त्यांना स्वतंत्र गणिती कामासाठीचं रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं आणि १९२९ मध्ये ते बी.एस्सी. झाले. त्यापुढची पदवी त्यांच्याकडे नव्हती. नाशिकजवळ देवळालीला ते शाळामास्तर झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तिथेच शिकवत राहिले. ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'मुळे त्यांचं नाव आज जगभर माहीत आहे, पण डेमलो संख्यांवरचं काम त्याच्या आधीचं. १९३८ साली 'द मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात त्यांचा लेख आला. पुढच्या वर्षी के. आर. गुंजीकर यांच्याबरोबर मुंबई विद्यापीठाच्या जर्नलमध्ये या संख्यांचा सिद्धांत मांडणारा लेख आला.

त्यातल्या सगळ्यात देखण्या संख्यांना कापरेकर 'अद्भुत डेमलो' म्हणत. शाळेत आपणही त्या कधीतरी केल्या असतील:

११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

नऊ एकांपर्यंत हे असंच चालतं. १११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. चढत गेलेला आणि उतरत आलेला जिना.

आता दहा एक घ्या. वर्ग येतो १२३४५६७९००९८७६५४३२१. मधे ८ गायब, दोन शून्यं आत घुसलेली. जिना मोडला. कारण साधं आहे: उभ्या गुणाकारात मधल्या रकान्यात दहा एकांची बेरीज येते आणि हातचा सुटतो. नऊपर्यंत हातचा आलाच नव्हता, म्हणून नमुना टिकला होता.

पेणच्या कारखान्यात साच्यातून काढलेली ओली मूर्ती बघितली असेल, तर तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. ओली असताना प्रत्येक मूर्ती निर्दोष दिसते. तडा गेलाय का, हे वाळल्यावरच कळतं. नऊ उदाहरणं बरोबर आली म्हणजे नऊ उदाहरणं बरोबर आली, इतकंच.

एकांच्या माळेचं गणित

अद्भुत डेमलो संख्या ज्यांचे वर्ग आहेत त्या ११, १११, ११११ वगैरे संख्यांकडे वळू. १९६० च्या दशकात अल्बर्ट बाईलर यांनी त्यांना 'रेप्युनिट' असं नाव दिलं. आपण सोयीसाठी ए(५) म्हणजे पाच एकांची संख्या, ए(१९) म्हणजे एकोणीस एकांची संख्या असं लिहू.

यातल्या मूळ संख्या कोणत्या?

ए(२) म्हणजे ११, ती मूळ. एकांची संख्या संयुक्त असेल, तर प्रश्न तिथेच संपतो. ए(६) म्हणजे १११ १११, म्हणून ती १११ × १००१. ज्या गटांत एक वाटता येतात त्या गटाने भाग जातोच. म्हणजे एकांची संख्या मूळ असेल तरच आशा आहे. पण तेवढ्याने भागत नाही:

ए(३) = ३ × ३७
ए(५) = ४१ × २७१
ए(७) = २३९ × ४६४९
ए(११) = २१६४९ × ५१३२३९

ए(१३) फुटते, ए(१७) फुटते. कोणी इथे थांबून "११ नंतर अशी मूळ संख्या नाही" असा निष्कर्ष काढला असता, तर सतराव्या एकापर्यंतचा सगळा पुरावा त्याच्या बाजूने होता. आणि तो चुकला असता, कारण ए(१९) मूळ आहे.

या अवयवांमध्ये एक शिस्त आहे ती बघून ठेवा. ४१ आणि २७१ यांना १० ने भागलं तर बाकी १ येते. २३९ आणि ४६४९ यांना १४ ने भागलं तरी बाकी १ च. पाचापासून पुढे, एकांची संख्या मूळ असेल तर प्रत्येक मूळ अवयवाला त्या संख्येच्या दुपटीने भागल्यावर बाकी १ उरते. ही शिस्त सिद्ध करता येते आणि तिच्यामुळे शोधण्याचं काम खूप कमी होतं.

या संख्यांचं आवर्ती दशांशांशीही घट्ट नातं आहे. १ भागिले ४१ करा: ०.०२४३९ ०२४३९… पाच अंक पुन्हा पुन्हा. १ भागिले २७१ करा: ०.००३६९ ००३६९… पुन्हा पाचच अंक. आता २४३९ म्हणजे ९ × २७१ आणि ३६९ म्हणजे ९ × ४१. दोघं एकमेकांच्या दशांशात लपलेत, कारण दोघांचा गुणाकार १११११ आहे. २ आणि ५ सोडून कुठलीही मूळ संख्या घ्या, ती कुठल्या ना कुठल्या एकांच्या माळेला भाग घालतेच. आवर्ती दशांशांचा हा विषय गाऊसने १८०१ च्या ग्रंथात हाताळला आणि एकोणिसाव्या शतकात अनेकांनी त्याची लांबच लांब कोष्टकं तयार केली.

म्हणजे ए(१९) मूळ आहे याचा अर्थ असा की, ज्या मूळ संख्येचा दशांश बरोबर १९ अंकांनी पुन्हा येतो अशी संख्या जगात एकच आहे, आणि ती म्हणजे ए(१९) स्वतः. तिचा दशांश कसा दिसतो? अठरा शून्यं, मग एक ९, पुन्हा अठरा शून्यं, पुन्हा ९. अशा एकट्या मूळ संख्यांना सॅम्युअल येट्स यांनी १९८० मध्ये 'अनन्य मूळ संख्या' अशा अर्थाचं नाव दिलं. ३, ११, ३७ आणि १०१ या त्यातल्या पहिल्या चार.

घरचा साक्षीदार

आता मुख्य प्रश्न. ए(१९) मूळ आहे हे कळतं कसं?

सरळ मार्ग भागत बसण्याचा. वर्गमूळ साधारण १०५ कोटींच्या आसपास येतं. वरची शिस्त वापरली, तर ३८ ने भागून १ उरणारे भाजकच तपासायचे. तरी पावणेतीन कोटींच्या घरात भाजक राहतात. कम्प्युटरला ते क्षणाचं काम, पण कागद-पेन्सिलवर अशक्य. आणि ३१७ अंकी संख्येसाठी तर कम्प्युटरलाही अशक्य.

म्हणून गणिती भागाकार सोडून साक्षीदार तपासतात. फर्माचं जुनं प्रमेय सांगतं: न ही मूळ संख्या असेल आणि अ ला तिने भाग जात नसेल, तर अ चा (न − १) वा घात न ने भागल्यावर बाकी १ येते. बाकी १ आली नाही, तर संख्या नक्की संयुक्त, मग अवयव माहीत नसला तरी चालेल. पण बाकी १ आली तर? तर काहीच नक्की नाही. ३४१ म्हणजे ११ × ३१, पण २ हा साक्षीदार घेतला तर ३४१ चाचणीत पास होते. ३ घेतला की पकडली जाते. ५६१ तर त्याहून लबाड. तिच्याशी सामाईक अवयव नसलेला कुठलाही साक्षीदार आणा, प्रत्येक जण "ही मूळ आहे" म्हणून सांगेल, आणि ती आहे ३ × ११ × १७. अशा संख्यांवर रॉबर्ट कारमायकेल यांनी १९१० मध्ये लिहिलं, म्हणून त्या त्यांच्या नावाने ओळखल्या जातात.

आपल्या माळेच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे, आणि संशोधन करणाऱ्याने ती लक्षात ठेवावी. समजा १११११ तपासायची आहे आणि साक्षीदार म्हणून तुम्ही १० घेतलात. हाताशी असतो, सोपा असतो. १० चा ५ वा घात १११११ ने भागल्यावर बाकी १ येते, कारण ९९९९९ म्हणजे ९ × १११११. आता न − १ म्हणजे १११११०, चुकले, ११११०. त्याला ५ ने भाग जातो. म्हणून १० चा ११११० वा घातही बाकी १ देतो. चाचणी पास! पण १११११ तर ४१ × २७१ आहे.

हे एकदा घडलेलं नाही. तीन सोडून, एकांची संख्या मूळ असेल तेव्हा प्रत्येक वेळी १० हा साक्षीदार "मूळ आहे" असंच सांगणार. कारण ती संख्याच दहापासून घडवलेली आहे. हा घरचा साक्षीदार. तो कधीच विरुद्ध बोलणार नाही. २ ला बोलावलं की तो १११११ ला लगेच पकडून देतो.

तुमच्या स्वतःच्या विषयात हा घरचा साक्षीदार कोण, हे शोधून ठेवा. ज्या आकडेवारीवरून कल्पना सुचली त्याच आकडेवारीवर ती तपासली, तर ती पास होणारच. हजार वेळा तपासली तरी पास होणार. हजार या आकड्याला तिथे काही किंमत नाही.

पुरावा आणि सिद्धता

साक्षीदारांच्या साक्षीवरून पक्का निकाल मिळवण्याची वाट फ्रान्सच्या एदुआर ल्युका यांनी १८७६ च्या सुमारास दाखवली आणि अमेरिकेच्या डी. एच. लेमर यांनी १९२७ मध्ये ती सुधारली. कल्पना अशी: न − १ चे सगळे मूळ अवयव माहीत करून घ्या. मग असा एक अ शोधा, की त्याच्या (न − १) व्या घाताला बाकी १ येते, पण (न − १) ला कुठल्याही मूळ अवयवाने भागून जो लहान घातांक मिळतो, त्याला बाकी १ येत नाही. असा एक अ सापडला की न मूळ आहे, शंकेला जागा नाही. कारण अ चे घात एकेक करत गेलं तर ते बरोबर न − १ पावलांनीच पहिल्यांदा १ वर परत येतात. संयुक्त संख्येत इतकी लांब फेरी शक्यच नसते. न शी सामाईक अवयव असलेल्या संख्या त्या फेरीत कधी येतच नाहीत.

म्हणजे अख्खी अडचण न − १ चे अवयव पाडण्याची. आणि इथे एकांची माळ आपल्याला मदत करते. तिच्यातून १ वजा करा: शेवटच्या एकाचं शून्य होतं. म्हणजे ए(१९) − १ = १० × ए(१८). आणि १८ संयुक्त आहे, म्हणून ए(१८) सहज फुटते. ए(१९) − १ चे सगळे मूळ अवयव असे: २, ३ (दोनदा), ५, ७, ११, १३, १९, ३७, ५२५७९ आणि ३३३६६७. गुणाकार करून बघायला हरकत नाही. मी बघितलाय.

ए(१९) ची सिद्धता ऑस्कर हॉप्पे यांच्या नावावर आहे, १९१८ ची. ए(२३) ची १९२९ ची. लेमर आणि क्रायचिक या दोघांनी ती स्वतंत्रपणे दिली. १९२९ म्हणजे कापरेकर बी.एस्सी. झाले ते वर्ष. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं यादी तिथेच थांबली: २, १९, २३.

३१७: अकरा वर्षं

साधारण १९६६ मध्ये ए(३१७) वर साक्षीदार तपासून झाले आणि सगळे "मूळ आहे" म्हणाले. कम्प्युटर आलेले होते, चाचणी करता येत होती. पण सिद्धता नव्हती, कारण ए(३१६) चे पुरेसे अवयव हाताशी नव्हते.

अशा संख्येसाठी गणितात 'संभाव्य मूळ संख्या' असा वेगळा शब्द आहे. मला या शब्दाबद्दल आदर आहे. अकरा वर्षं ए(३१७) याच नावाने राहिली. सगळ्यांना खात्री होती, पैज लावायला कोणीही तयार झालं असतं, तरीही कोणी तिला 'मूळ' म्हटलं नाही.

दरम्यान हत्यारं सुधारत होती. पॉकलिंग्टन यांनी १९१४ मध्येच दाखवलं होतं की न − १ चे सगळे अवयव लागत नाहीत. फोडलेला भाग वर्गमूळापेक्षा मोठा असला तरी पुरतो. १९७५ मध्ये ब्रिलहार्ट, लेमर आणि सेल्फ्रिज यांनी ही अट आणखी सैल केली. साधारण घनमुळाइतका भाग फोडला तरी काम भागू लागलं. १९७७ मध्ये कॅनडातल्या ह्यू विल्यम्स यांनी ए(३१७) ची सिद्धता पूर्ण केली.

त्याच सुमारास पुढचा उमेदवार ठरला: ए(१०३१). दहा हजार एकांच्या आत दुसरं कोणीही उरलेलं नव्हतं. त्याच्यासाठी ए(१०३०) फोडायला हवी. १०३० म्हणजे २ × ५ × १०३, म्हणून तिचे मोठे तुकडे आपोआप पडतात, पण ते तुकडेही शंभर शंभर, चारशे चारशे अंकांचे. त्यातले अवयव हुडकण्याच्या कामात विल्यम्स यांच्या जोडीला आले हार्वे डबनर. हे पेशाने इंजिनिअर. मोठ्या संख्यांच्या आकडेमोडीसाठी त्यांनी स्वतःचं खास यंत्र बनवलं होतं. १९८६ मध्ये दोघांचा लेख आला आणि ए(१०३१) मूळ असल्याचं सिद्ध झालं.

१०३१ अंक, सगळे १. उलट लिहा, अंक फिरवा, कसेही हलवा, मूळ ती मूळच. ११३ चे अंक हलवून १३१ आणि ३११ मिळतात, तिन्ही मूळ. असा गुण असलेल्या संख्यांमध्ये ९९१ च्या पुढे आजवर फक्त एकांच्या माळाच सापडल्यात.

१९८६ हेच कापरेकरांच्या निधनाचंही वर्ष. या सिद्धतांमध्ये त्यांचा काही वाटा नव्हता, हे स्पष्ट सांगते. उगाच धागा जोडायचा नाही. त्यांनी या संख्यांच्या अंकांमधली रचना पाहिली, मूळपणाचा प्रश्न दुसऱ्यांनी धसाला लावला.

४९०८१: तेवीस वर्षं

१९९९ मध्ये डबनर यांना पुढची संभाव्य मूळ संख्या सापडली: ए(४९०८१). या वेळी न − १ ची युक्ती चालेना, कारण ए(४९०८०) पुरेशी फुटेना. वेगळी वाट हवी होती.

२००२ मध्ये कानपूर आय.आय.टी.च्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी एक मोठा प्रश्न सोडवला: कुठलीही संख्या मूळ आहे की नाही हे, अंकांच्या प्रमाणात आटोक्यात राहणाऱ्या वेळात, नक्की ठरवता येतं. सिद्धांत म्हणून हे फार मोठं, पण इतक्या मोठ्या संख्येवर प्रत्यक्ष चालवायला ती रीत जड पडते. प्रत्यक्षात उपयोगी पडते ती लंबवर्तुळी वक्रांवर आधारलेली रीत. तिचा पाया १९८० च्या दशकातला, पण ४९ हजार अंक पेलायला कम्प्युटर आणि प्रोग्रॅम दोन्ही तयार व्हायला वेळ लागला. २०२२ मध्ये पॉल अंडरवुड यांनी ए(४९०८१) मूळ असल्याचं सिद्ध केलं. डबनर २०१९ मध्येच गेले होते. पुढच्याच वर्षी ए(८६४५३) सुद्धा सिद्ध झाली.

त्यापुढे आठ लाखांच्या नाही, तर ऐंशी लाखांच्या पलीकडच्या माळेपर्यंत, म्हणजे ए(८१७७२०७) पर्यंत, संभाव्य मूळ संख्या सापडल्यात. आणि अशा मूळ संख्या अनंत आहेत का, या साध्या प्रश्नाचं उत्तर आजही कोणाकडे नाही.

पण याला संशोधन म्हणायचं का?

रोह्याच्या मुलीचा पुढचा प्रश्न हाच होता, आणि तोही रास्त. कापरेकरांच्या हयातीत हा प्रश्न त्यांच्या मागे लागलेला होता. १९४० मध्ये, म्हणजे डेमलोवरच्या लेखानंतर दोनच वर्षांनी, जी. एच. हार्डी यांनी आपल्या प्रसिद्ध पुस्तकात अंकांच्या अशा गमतींची उदाहरणं दिली (८७१२ ही २१७८ ची चौपट, म्हणजे उलट्या अंकांची पट, वगैरे) आणि गणितज्ञाला त्यात रस वाटावा असं काही नाही, असं मत दिलं. हार्डींचं नाव मोठं, त्यामुळे हे मतही जड. भारतातही अनेकांनी कापरेकरांच्या कामाकडे करमणूक म्हणूनच पाहिलं. ते आपल्या पुस्तिका बहुधा स्वतःच छापत. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा ते सत्तरीत होते.

हार्डींच्या म्हणण्यात तथ्य आहे. एकांची माळ आपल्याला देखणी दिसते, कारण आपल्याला दहा बोटं आहेत आणि आपण दशमान पद्धतीत लिहितो. दुसऱ्या पद्धतीत ए(१९) लिहिली तर ती चारचौघींसारखीच दिसेल. दिसणं हा कपडा झाला.

पण कपड्याच्या आत काय आहे? हीच माळ द्विमान पद्धतीत लिहिली, फक्त १ आणि ० वापरून, तर १, ११, १११ म्हणजे १, ३, ७, आणि पुढे १५, ३१… म्हणजेच २ च्या घातातून १ वजा. या मर्सेन संख्या. आज माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या याच घराण्यातली: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १, ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली, ४ कोटी १० लाखांहून जास्त अंकांची. द्विमान पद्धतीत ती निव्वळ एकांची माळ आहे. मग तिच्यासाठी ४ कोटी अंक झेपतात आणि दशमान माळेसाठी ८६ हजार जड का जातात? कारण मर्सेन संख्येत १ मिळवला की नुसता २ चा घात उरतो, त्याचे अवयव आयतेच समोर असतात, आणि ल्युका-लेमर चाचणी त्यावरच चालते. आपल्या माळेत १ वजा केल्यावर उरते आणखी एक माळ, ती फोडण्याचं काम बाकीच राहतं. एकाच घराण्यातल्या दोन बहिणी, पण एकीचं गुपित उघडं आणि दुसरीचं कुलपात.

म्हणून माझं मत असं: निरीक्षण क्षुल्लक की महत्त्वाचं, हे ते निरीक्षण करताना कळत नाही. त्याच्यापुढे 'का' विचारला की कळतं. जिना नऊवरच का मोडला, याचं उत्तर हातचा. तिथे गोष्ट संपते. ए(५) च्या दोन्ही अवयवांना १० ने भागून १ च का उरतो, हे विचारलंत तर फर्मा, गाऊस, ल्युका असा लांबचा रस्ता उघडतो. दोन्ही प्रश्न एकाच स्टेशनवर सुचू शकतात.

शेवटी तिच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. दहा लाखांपर्यंत तपासलंस, चांगलं केलंस. सिनॉप्सिसमध्ये लिही: "दहा लाखांपर्यंत पडताळले आहे." त्याच्यापुढे लिही, कोणत्या साक्षीदाराने पडताळलं, आणि तो घरचा नाही कशावरून. 'सिद्ध' हा शब्द राखून ठेव. ए(३१७) साठी लोक अकरा वर्षं थांबले, ए(४९०८१) साठी तेवीस. आपली पीएच.डी. त्याहून लवकर संपते, पण ती संपवताना 'संभाव्य' लिहायला कमीपणा वाटू देऊ नकोस.

सरावासाठी एक काम देऊन थांबते. ए(१३) चे तीन मूळ अवयव आहेत, त्यातले दोन शंभराच्या आत. २६ ने भागून १ उरतो अशाच संख्या तपासायच्या. कागदावर करा, पाच मिनिटंही लागणार नाहीत. मग ए(१७) वर हाच प्रयोग करा आणि किती वेळात कंटाळा येतो ते मोजा. सिद्धता कशासाठी लागते, हे तिथे कळेल.